दारे नसलेले गाव

बाहिया सेरेना या किनाऱ्यावरच्या गावात एकाही घराला पुढचे दार नाही. चौकट आहे, उंबरा आहे आणि दाराच्या जागी जाड कापडाचा पडदा. पाहुणे कारण विचारतात, तेव्हा इलायस आजोबा त्यांना आत बसवतात, पाणी देतात आणि मगच सांगायला घेतात.

हे गाव वसले तेव्हा या बेटावर एका हुकूमशहाची सत्ता होती. सीमेपलीकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची त्याने कत्तल करवली आणि जगभर त्याची छी-थू झाली. नाव धुऊन काढायला म्हणून त्याने युरोपातून हाकललेल्या ज्यूंना इथे जमिनी दिल्या, असे सांगतात. त्यांतलीच फ्रीडा. व्हिएन्नात बायकांच्या टोप्या शिवणारी, जीव वाचवून एकटीच आलेली. गाय तिने चित्रातच पाहिलेली, आणि सरकारने तिच्या गळ्यात मारल्या चार गायी!

तिला धार काढायला शिकवले सेलिसियाने. ही त्या कत्तलीतून वाचलेली मजूरबाई. "ओढू नका हो बाई, दाबा," ती हसून म्हणे, "चर्चची घंटा आहे का ती?" घर सुटल्यापासून फ्रीडाबरोबर हसणारे तेवढे एकच माणूस होते.

मग एका भर दुपारी शिपाई पुन्हा ऊसतोड्यांना धरायला आले. गावाला वाटले, आपल्यालाच न्यायला आले. बुटांचा आवाज आला की कडी लावायची, श्वास रोखायचा, कितीही ठोठावले तरी ओ द्यायची नाही, हे त्या लोकांच्या हाडामासात युरोपातच भिनले होते. सगळे पलंगांखाली शिरले.

"बाई, मी सेलिसिया. दार उघडा!"

फ्रीडाने आवाज ओळखला. ती पलंगाखालून निघाली, कडीवर हात ठेवला, आणि हात काही हलेना. उघडावे तर आपण मेलो, न उघडावे तर ती मेली. सेलिसिया मग दारोदार धावली, एकही उघडले नाही. तिचा आवाज बंद होईपर्यंत फ्रीडा कडी धरून तशीच उभी होती. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

या वसाहतीतल्या घरांत पाऊल टाकायची शिपायांना सक्त मनाई होती, हे गावाला नंतर कळले. कोणाच्याही घरात ती वाचली असती.

त्या संध्याकाळी फ्रीडाने दाराच्या बिजागऱ्या उखडल्या आणि दार फोडून चुलीत घातले. या हाताला पुन्हा कडी सापडू देणार नाही, अशी तिने शपथ घेतली. तिचे पाहून शेजारी उठले. आठवडाभर म्हणे गावात दारांच्याच सरपणावर अन्न शिजले.

आजही वादळात घराघरांत पाणी शिरते, चोर येऊन जातात, तरी गाव दार बसवत नाही. एखादी पाहुणी आजोबांना विचारतेच, "भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना," ते म्हणतात. "दार असतं तर आम्ही लावलंच असतं."