कट्यारीचा पराक्रम

हत्यारांना मतं असायची आणि माणसं ती ऐकायची, त्या काळची ही गोष्ट. तुळाजी कासार बांगड्या विकायला महिनोन्‌महिने रानावनातून पायी हिंडायचा. हातात घुंगरांची काठी, कमरेला पणजोबांची कट्यार.

कट्यारीला त्या घुंगरांची भारी लाज वाटायची. "काय ही छुमछुम! आपण निघालोय की नंदीबैल?"

"अस्वलाला लांबूनच कळावं म्हणून वाजते," काठी म्हणाली. "कळलं की ते आपणहून बाजूला होतं."

"मग मी पराक्रम कधी गाजवायचा?"

तुळाजीला हे पटलं. शूर माणसाला छुमछुम शोभत नाही म्हणून त्याने घुंगरांना फडकं गुंडाळलं, आणि पुढच्याच वळणावर, मोहाखाली फुलं खाण्यात रंगलेल्या अस्वलावर जाऊन आदळला. ते दचकून दोन पायांवर उभं राहिलं. तुळाजीने कट्यारीला हात घातला. पणजोबांपासून कधी गरजच न पडल्यामुळे बाईसाहेब म्यानात गंजून बसल्या होत्या. त्या हलेनात. अस्वलाने एका पंजात पागोटं उडवलं. घाबरून तुळाजीच्या हातून काठी सुटली, फडकं निघालं आणि काठी खणखणत उतारावरून गडगडत गेली. त्या आवाजाला बिचकून अस्वल झाडीत पळालं.

"पाहिलंस?" म्यानातून आवाज आला. "नुसत्या माझ्या नावाने पळालं!"

तुळाजी उतार उतरून काठी घेऊन आला. मग पुढची सगळी वाट त्याने ती अशी आपटली, की नंदीबैल आला समजून अख्खं गाव वेशीवर जमलं.

"बघ," कट्यार म्हणाली, "माझ्या सत्काराला आले."