एकदा विकलेला माल

परचुऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ठसठशीत पाटी होती: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

‘नवाकोरा आहे, हवा तेवढा पळवा’ म्हणत त्यांनी केतकीला विकलेला प्रोसेसर, वेग जरा वाढवला की मान टाकायचा. ती तो घेऊन दुकानात आली.

परचुऱ्यांनी मान वर न करता पाटीकडे बोट केलं. “मराठी वाचता येतं ना? आम्ही पाटीतला शब्द न् शब्द पाळतो.”

“पाळाच, काका!” केतकीने मोबाइल पुढे धरला. “डबा उघडतानाच काढलेला फोटो आहे. पंखा बसवताना लावतात ती पेस्ट यावर आधीच वाळलेली होती. म्हणजे कुणीतरी वापरून तुम्हाला परत केलेला! पाटी एकदा विकलेल्या मालाची आहे, हा तुम्ही दोनदा विकलाय. घ्या परत!”