कोंडाईनं वाडी उठवली

फार फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षं, ते मला विचारू नका. माझ्या पणजीनंसुद्धा ती तिच्या आज्जीकडूनच ऐकली होती. उंच कड्याच्या पायथ्याशी कातळवाडी नावाची चाळीस घरांची वस्ती होती. तिथं कोंडाई नावाची सुईण राहायची. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण निम्मी वाडी तिच्या हातांवर जन्माला आलेली. जीभ मात्र अशी तिखट, की खुद्द पाटील तिला बघून वाट बदलायचा.

एका श्रावणात पावसानं अकरा दिवस उघडीप म्हणून दिली नाही. बाराव्या दिवशी सकाळी कोंडाई काठी टेकत देवळाजवळच्या झऱ्यावर गेली, तर पाणी लालभडक, गढूळ. तिच्या उभ्या जन्मात तो झरा कधी गढूळ झाला नव्हता. परतताना देवळामागं जमिनीला भेग दिसली. तिनं आत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. पाऊस थांबावा म्हणून वाडी तेव्हा देवळातच जमली होती.

"डोंगर सुटलाय!" ती ओरडतच देवळात शिरली. "आत्ताच्या आत्ता पलीकडच्या माळावर चला!"

पण वाडीची एक रीत होती. देवीचा कौल घेतल्याशिवाय सगळ्या वाडीनं मिळून शीव ओलांडायची नाही. धाकू गुरवानं देवीच्या दगडाला दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर जायचं, डावं पडलं तर थांबायचं. वाडी हात जोडून बसली. आता तुम्हीच सांगा, बारा दिवसांच्या त्या ओलीत फूल पडेल कसं? पाकळ्या दगडाला घट्ट चिकटलेल्या. एक घटका गेली, दुसरी गेली. उजवं हलेना, डावं हलेना.

धडधाकट माणसं ऐनवेळीही पळतील, हे कोंडाईला कळत होतं. पण वाडीत अकरा जण असे होते, ज्यांना आधाराशिवाय चालता येत नव्हतं. कुणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, कोण आंधळं, कुणाचे दिवस भरलेत, सगळं तिला तोंडपाठ. आणि नेमकं त्याच घरांत उचलायला कुणी नव्हतं.

ती वाडीतल्या सगळ्यात दांडग्या माणसासमोर उभी राहिली. "हैबती, तू पायाळू जन्मलास. तुला ओढून बाहेर काढताना मी कौल लावत बसले होते का रे, मेल्या?"

हैबती उठला.

"सगुणाला डोलीत घाल. तिचे दिवस भरलेत, नवरा परगावी आहे."

"कोंडाई, पण माझी म्हातारी आई?"

"तिला पाय आहेत. चालेल ती!"

मग कोंडाई अंगणात आली आणि भर पावसात एकेकाला नाव घेऊन हाका मारू लागली. तिची हाक चाळीसही घरांत एकाच वेळी ऐकू आली, असं म्हणतात. तू आंधळ्या गोंदाचा हात धर. तू लुळ्या बाबूला पाठुंगळीला घे. शेवटी ती गुरवाकडे वळली. "धाकू, देवीला काही होत नाही. शेजारची तापानं फणफणलेली पोर उचल!" धाकूनं एकदा फुलांकडे पाहिलं आणि तोही उठला.

वरून दगड घरंगळू लागले. माणसं ओढा ओलांडून माळाकडे निघाली. कोंडाई मोजत उभी होती. नऊ गेले, दहा गेले. अकरावं माणूस पलीकडे पोचेपर्यंत तिनं भेगेला पाठ लावून डोंगर रोखून धरला, असं म्हणतात. डोंगरही तिला घाबरला असेल. का नाही घाबरणार?

मग कडा खाली आला. दुपार व्हायच्या आत कातळवाडी चिखलाखाली गेली.

माळावर सगळ्यांनी माणसं मोजली. अकराच्या अकरा होती. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. तेवढ्यात सगुणाला कळा सुरू झाल्या आणि ती ओरडली, "कोंडाईला बोलवा!"

हैबतीनं इकडंतिकडं पाहिलं. "कोंडाई कुणाकडे होती?"

तिचा गुडघा तीन वर्षं कामातून गेलेला. काठी घेऊनसुद्धा तिला ओढ्यापर्यंत जाववत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अकरा जणांत तिनं स्वतःला धरलंच नव्हतं, आणि चाळीस घरांत एकालाही ते सुचलं नाही. अहो, एकालाही नाही!

सगुणा त्या माळावर पावसात बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं नाव काय ठेवलं, ते सांगायला नको.

वाडी आता माळावरच आहे. दर श्रावणात त्या दिवशी सगळी घरं देवळापुढं जमतात. आता कौल लावत नाहीत. ज्यांना चालता येत नाही त्यांची नावं पुकारतात, आणि एकेक माणूस दुसऱ्या घराच्या हवाली करतात. मग खरोखरच डोल्या उचलून टेकाडापर्यंत नेऊन बघतात. मात्र सगळ्यात आधी एकच नाव पुकारायचं, हे ठरलेलं आहे.

गुरव विचारतो, "कोंडाई कुणाकडे?"

आणि कडेवरच्या पोरांपासून डोलीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळी वाडी एका आवाजात ओरडते, "माझ्याकडे!"