खारीचे पीठ

एका डोंगराच्या पायथ्याशी ऐनाचे दाट जंगल होते आणि तिथल्या एका ढोलीत एक खार राहत असे. मुलांनो, ही खार मोठी मायाळू. रानातले मूग, तुरी, तीळ गोळा करायचे, खडखडीत वाळवायचे आणि दगडावर रगडून त्यांचे पीठ करायचे, हा तिचा उद्योग. कोणी आजारातून उठले, कोणी अशक्त झाले, की ती स्वतः पीठ घेऊन जाई. त्याच जंगलात हरणाचे एक पाडस होते. त्याची आई वणव्यात गेली होती. पाय काटक्यांसारखे, चालताना धाप लागे. उन्हाळा लागला की हरणांचा कळप डोंगरापलीकडच्या तळ्यावर जाई. ज्याला चढ झेपत नसे, तो मागे राही.

"मावशी, मला जमेल का गं चढायला?" पाडस रोज विचारी.

"न जमायला काय झालं? आधी खा बघू," असे म्हणून खार त्याला पीठ भरवी. हळूहळू पाडसाच्या अंगावर मांस चढू लागले.

पुढे जवळचे बी संपले. शोधता शोधता खार दूरच्या एका ओढ्याकाठी पोहोचली. तिथे माणसांनी पूर्वी खाण खणली होती आणि तशीच टाकून दिली होती. काठावर रानतुरीला बोटाएवढ्या जाड शेंगा लगडलेल्या! खारीला हर्ष झाला. "आता माझ्या लेकराला दुप्पट देता येईल," असे म्हणत तिने खेपा घातल्या आणि ढोली पिठाने गच्च भरली. पाडस दुप्पट खाऊ लागले. पण महिना-दीड महिना गेला आणि ते पोटात कळ येऊन वाकू लागले. उभे राहिले तरी पाय थरथरत. एके दिवशी तर पाणवठ्याची रोजची वाट ते विसरले. खारीला वाटले, अशक्तपणाच आहे. तिने पीठ आणखी वाढवले.

झऱ्याच्या दगडावर बसलेला एक म्हातारा बेडूक हे पाहत होता. तो म्हणाला, "पोरी, हे बी कुठलं?"

"खाणीखालच्या ओढ्यावरचं, आजोबा. किती टपोरं आहे, पाहा तरी!"

बेडकाने डोळे मिटले. "त्या ओढ्यात आमची शंभर घरं होती. आज एकही नाही. त्या मातीत खाणीतलं शिसं उतरलंय. झाड ते मुळांनी ओढून घेतं. दाणा चांगला दिसतो, चवीलाही चांगला लागतो. पण चिमूट चिमूट विष अंगात साठत जातं."

खारीला ते खरे वाटेना. ती धावत ओढ्यावर गेली. एवढ्या शेंगा, पण एक पाखरू नव्हते. पाण्यात मासा नव्हता. ओल्या मातीत गांडुळाचा मागमूस नव्हता. शेंगांच्या आनंदात तिने आधी इकडेतिकडे पाहिलेच नव्हते.

आता काय करावे? गप्प राहिले असते, तर कोणाला कळलेही नसते. पण ती तडक पाडसाकडे आली आणि म्हणाली, "बाळा, तुला आजारी मीच पाडलं. माझं पीठच वाईट होतं."

पाडसाने क्षीण आवाजात विचारले, "तुला ठाऊक होतं, मावशी?"

"नाही रे. पण मी पाहायला हवं होतं."

पाडसाने मान तिच्या अंगाला टेकली, आणि खारीला रडू फुटले. मग तिने ज्यांना ज्यांना ते पीठ दिले होते, त्यांच्या दारी जाऊन चूक सांगितली आणि उरलेले सारे पीठ खाणीच्याच एका खोल खळग्यात टाकून वर दगड लोटले.

उन्हाळा आला. कळप डोंगर चढून गेला, पाडस मागे राहिले. पण खार त्याच्यापासून हलली नाही. वरच्या झऱ्याचे पाणी, कोवळा पाला, जिथे बेडूक नांदत आणि पाखरे उतरत, तिथलेच गवत, एवढेच ती त्याला देई. पोटातली कळ आधी थांबली. पायांची थरथर जायला मात्र सारा पावसाळा लागला.

थंडीत नवे मूग आले. खारीने ते वाळवले, रगडले आणि ओंजळभर पीठ घेऊन ती पाडसापुढे आली. पण पुढे करायला तिचा हात धजेना. पाडसाने ते हुंगले आणि विचारले, "मावशी, हे कुठलं गं?"

खारीच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "विचारलंस, बरं केलंस. चल, आधी तुला ती जागा दाखवते." दोघे बरोबर निघाले. मुगाच्या वेलींत मैनांचा गलबला चालला होता. पाडस बराच वेळ ते पाहत उभे राहिले आणि मग त्याने खारीच्या ओंजळीत तोंड घातले.

तात्पर्य : नुसत्या मायेने घास निर्मळ होत नाही; तो कोणत्या मातीतून आला, हे भरवणाऱ्याने पाहावे आणि खाणाऱ्यानेही न संकोचता विचारावे.