साळिंदर, मोर आणि पाणवठ्याचे पान

मुलांनो, सागाच्या एका विरळ जंगलात, कातळाच्या कपारीत एक साळिंदर राहत असे. त्या जंगलातील सगळ्या प्राण्यांची संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर होती आणि तो सर्व्हर सांभाळणे हे साळिंदराचे काम होते. सर्व्हर म्हणजे एक मोठा संगणक. सगळ्यांची पाने त्यात साठवलेली असतात आणि कोणी मागितले की तो ते पान दाखवतो. हा सर्व्हर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चाले. त्यावर मुंग्यांचे कोठाराचे पान होते, सुगरणीचे घरटे विणण्याचे धडे होते, मोराच्या नाचाची छायाचित्रे होती आणि टिटवीचे पाणवठ्याचे पान होते.

टिटवीचे पान दिसायला अगदी साधे. कोणत्या डोहात पाणी आहे, कोणता आटला, कोणत्या वाटेवर रानकुत्र्यांची पावले दिसली, एवढेच ती रोज सकाळी उडत जाऊन पाहून येई आणि चार ओळींत लिही. पण उन्हाळ्यात या चार ओळींवर चितळांच्या कळपाचा जीव असे. कळपाचा म्होरक्या, एक वयस्क नर, ते पान वाचल्याशिवाय पाऊल उचलत नसे.

दोन टेकड्यांपलीकडे एक कोल्हा राहत असे. रानकुत्र्यांच्या टोळीशी त्याचे जमलेले होते. सावज कुठे आहे ते कोल्ह्याने सांगावे, टोळीने मारावे आणि उरलेले कोल्ह्याने खावे. टिटवीच्या पानामुळे सावज सारखे हुकत होते, म्हणून कोल्ह्याला त्या सर्व्हरमध्ये शिरायचे होते. तो आणि त्याचे भाईबंद दिवसभर पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करीत. एका दिवसात नऊ नऊ हजार वेळा.

साळिंदराने जे जे करायला हवे ते सगळे केलेले होते. सर्व्हरची नको असलेली दारे त्याने बंद केली होती. पाहुण्यांसाठी दोन आणि स्वतःसाठी एक, एवढीच दारे उघडी होती. स्वतःच्या दाराला तर त्याने पासवर्डही ठेवला नव्हता. ते केवळ त्याच्याजवळच्या किल्लीने उघडे. ज्याने तीनदा चूक केली त्याला फायरवॉल, म्हणजे दारावर पहारा देणारा प्रोग्राम, चोवीस तास उभेच करीत नसे. रोज सकाळी साळिंदर सर्व्हरची नोंदवही उघडून बसे आणि कोण कुठून आले, कोणी काय मागितले, ते ओळीने वाचत जाई. आठवड्यातून एकदा सगळ्या पानांची एक नक्कल काढून ती तो नदीकाठच्या कासवाकडे ठेवायला देई. कासवाच्या बिळात तारही नव्हती आणि जाळेही नव्हते, म्हणून तिथे कोणी पोहोचू शकत नसे.

हे काम असे की नीट झाले तर कोणाला दिसत नाही. साळिंदर खरे तर रात्री हिंडणारा प्राणी. पण या कामापायी त्याची दिवसाची झोप गेली ती गेलीच. त्याचे डोळे कायम लाल असत. अंगावरचे काटेही हल्ली नीट उभे राहत नसत.

"हा दिवसभर त्या पडद्यासमोर बसून करतो तरी काय?" सुगरण एकदा शेजारणीला म्हणाली. "गेल्या दोन वर्षांत इथं काही झालंय का?"

साळिंदराने ते ऐकले. काही झाले नाही ते का झाले नाही, हे सांगण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते. त्याने पुढची ओळ वाचली.

सगळ्यांत जास्त त्रास त्याला होई तो मोराचा. मोराच्या संकेतस्थळावर छायाचित्रे दाखवणारा एक प्रोग्राम होता, तो तीन वर्षे जुना होता. त्यात एक खोट सापडली होती आणि ज्यांनी तो बनवला त्यांनी ती दुरुस्तही केली होती. फक्त नवा प्रोग्राम बसवायचा राहिला होता.

"मोरदादा, तेवढं अपडेट करून घेऊ या का आज?" साळिंदराने सहाव्यांदा विचारले.

"करून घेतलं की माझ्या चित्रांची मांडणी बदलते," मोर म्हणाला. "मागे सुगरणीचं बदललं होतं, पाहिलंय मी. हिरव्याचा निळा दिसतो. माझ्याकडे काय आहे चोरण्यासारखं? पिसांची चित्रं. नेऊ देत."

"तुमचं काही नेणार नाहीत ते. तुमच्यातून आत येतील."

"तू फार घाबरतोस," मोर म्हणाला आणि निघून गेला.

चैत्र सरत आला होता. एका दुपारी मोर पुन्हा आला. त्याची नवी चित्रे चढत नव्हती. पडद्यावर एकच ओळ येत होती : लिहिण्याची परवानगी नाही. संध्याकाळी लांडोरी चित्रे पाहणार होत्या आणि मोर घाईला आला होता. खरे म्हणजे नेमका कोणता कप्पा अडतो आहे ते शोधून तेवढाच मोकळा करायला हवा होता. त्याला तासभर लागला असता. साळिंदर त्या दिवशी पहाटेपासून बसलेला होता. त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरे तरंगत होती आणि मोर शेजारी उभा राहून पिसे झटकत होता.

साळिंदराने सगळ्या संकेतस्थळांचे सगळे कप्पे सगळ्यांना लिहिण्यासाठी मोकळे करून टाकले. एका ओळीची आज्ञा होती. मोराची चित्रे लगेच चढली.

"एवढंच होतं तर!" मोर म्हणाला.

"उद्या नीट करतो," साळिंदर स्वतःशीच पुटपुटला.

उद्या मुंग्यांचे पान अडले. परवा वीज गेली. मग आणखी काही निघाले. एकोणीस दिवस गेले आणि ते कप्पे तसेच राहिले.

विसाव्या दिवशी सकाळी साळिंदराने नोंदवही उघडली, तर पासवर्डचे प्रयत्न नऊ हजारांवरून चाळीसवर आलेले. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. कंटाळले असतील, त्याला वाटले. कित्येक महिन्यांत असा हलका दिवस आला नव्हता. बाकीच्या ओळी न वाचताच त्याने डोके भिंतीला टेकले आणि त्याचा डोळा लागला.

कोल्हा कंटाळला नव्हता. त्याला आत यायला वाट मिळाली होती, म्हणून त्याने दार वाजवणे सोडून दिले होते. मोराच्या जुन्या प्रोग्राममधल्या खोटीतून त्याने एक फाईल चढवली होती. नावाने ते एका पिसाचे चित्र होते, आतून मात्र तो कोल्ह्याचे ऐकणारा एक छोटा प्रोग्राम होता. तो मोराच्या कप्प्यातच अडकून पडायला हवा होता. पण कप्पे सगळ्यांना मोकळे होते. कोल्हा तिथून मुंग्यांच्या पानात गेला, सुगरणीच्या पानात गेला, आणि मग त्याला जिथे जायचे होते तिथे गेला.

त्या सकाळी टिटवीने नेहमीप्रमाणे लिहिले होते : 'करवंदीच्या डोहात पाणी आहे. घळीत जाऊ नका, पावले ताजी आहेत.' थोड्या वेळाने त्या पानावर असे दिसू लागले : 'करवंदीचा डोह आटला. घळीत पाणी आहे, वाट मोकळी आहे.' खाली टिटवीचेच नाव होते.

चितळांच्या म्होरक्याने ते दोनदा वाचले. करवंदीचा डोह इतक्यात आटेल असे त्याला वाटले नव्हते. पण टिटवीचे पान कधी चुकले नव्हते. तो कळप घेऊन घळीकडे वळला.

टिटवी त्या वेळी आभाळात होती. खाली पाहते तर कळप उलट्या दिशेला चाललेला. तिला आधी काही समजेना. मग ती ओरडत खाली झेपावली.

"मागे फिरा, घळीत कुत्री आहेत!"

"तूच तर लिहिलंस, वाट मोकळी आहे म्हणून," म्होरक्या थबकून म्हणाला.

"मी नाही लिहिलं. मागे फिरा आधी."

कळप फिरला. पण पुढच्या पाच-सहा जणी घळीच्या तोंडाशी पोहोचल्या होत्या. झुडपांतून रानकुत्री उठली. दगडांवरून खुरे घसरली, धुरळा उठला आणि बाकीच्या कशाबशा निसटल्या. एक हरिणी निसटली नाही. तिचे पाडस सावलीत, मावशीपाशी राहिले होते.

टिटवी तिथून थेट साळिंदराच्या कपारीपाशी आली. "माझं पान कोणी बदललं?" एवढेच तिने विचारले. "एक गेली, साळूदादा. माझ्या नावानं गेली."

साळिंदराने नोंदवही उघडली. सकाळी न वाचलेल्या ओळींमध्ये सगळे लिहिलेले होते. कोणती फाईल, कुठून आली, किती वाजता टिटवीच्या कप्प्यात गेली. अकरा ओळी होत्या. वाचायला फारसा वेळ लागला नाही.

त्याने सर्व्हर बंद केला.

थोड्याच वेळात कपारीबाहेर प्राणी जमले. मोर पुढे होता. "सगळंच कशाला बंद केलंस?" तो म्हणाला. "ती एक फाईल काढून टाक आणि चालू कर."

"ती एक मला दिसली," साळिंदर म्हणाला. "आणखी किती कुठे ठेवून गेलाय ते मला माहीत नाही. त्यानं हात लावलेल्या कशावरच आता विश्वास ठेवता येणार नाही. सगळं पुसायचं आणि कासवाकडच्या नकलेवरून पुन्हा उभं करायचं."

"नक्कल किती जुनी आहे?"

"कोल्हा शिरायच्या आधीची पाहिजे. म्हणजे सहा दिवसांपूर्वीची."

"आणि त्यानंतरची माझी चित्रं?"

मोराने आजूबाजूला पाहिले आणि मान खाली घातली.

तेव्हा चितळांचा म्होरक्या पुढे आला. त्याच्या पायाला खरचटले होते. "मला एवढंच सांगा," तो शांतपणे म्हणाला. "हे कोणामुळे झालं?"

साळिंदराला नुसते मोराकडे बोट दाखवता आले असते. त्याने सहा वेळा सांगितले होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. पण त्याने नोंदवही म्होरक्यासमोर ठेवली.

"कपट कोल्ह्याचं. तो आत आला ते मोराच्या खिडकीतून," तो म्हणाला. "पण आतल्या सगळ्या खोल्यांच्या कड्या मी काढून ठेवल्या होत्या. एकोणीस दिवस. मी दमलो होतो, म्हणून. आणि आज सकाळी गडबड दिसत होती, ती मी वाचली नाही. तेही दमलो होतो म्हणून."

म्होरक्याने त्या अकरा ओळी वाचल्या. मग त्याने विचारले, "दमला होतास, तर सांगितलं का नाहीस?"

"कोणाला?" साळिंदर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. सुगरणीने मात्र नजर दुसरीकडे वळवली.

सर्व्हर पुन्हा उभा करायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत टिटवी स्वतः कळपाबरोबर उडत गेली आणि त्यांच्याबरोबरच परत आली. या वेळी साळिंदराने प्रत्येकाला वेगळी खोली दिली आणि प्रत्येक खोलीला वेगळे कुलूप लावले. एकाच्या खोलीत चोर शिरला तरी त्याला दुसऱ्याच्या खोलीत जाता येऊ नये, अशी व्यवस्था केली. सगळ्यांच्या किल्ल्या बदलल्या. मोराने न सांगता नवा प्रोग्राम बसवून घेतला. चित्रांची मांडणी बदलली, हिरव्याचा निळा दिसू लागला. मोराने ती तशीच राहू दिली.

आणखी एक गोष्ट झाली. जंगलातले एक मुंगूस कपारीशी आले आणि म्हणाले, "मला वाचायला शिकवा ती नोंदवही. एक दिवस तुम्ही, एक दिवस मी." साळिंदराने त्याला शिकवले. ज्या दिवशी पहिल्यांदा मुंगसाची पाळी आली, त्या दिवशी साळिंदर भर उन्हाच्या वेळी झोपला तो संध्याकाळी उठला. उठल्यावर त्याला आधी भीती वाटली. मग समोर मुंगूस ओळीवर बोट ठेवून वाचत बसलेले दिसले.

म्होरक्या आता रोज सकाळी निघण्यापूर्वी कपारीशी येतो. "आजचं पान खरं आहे ना?" असे विचारतो. साळिंदराला त्याचा राग येत नाही. तो टिटवीचे पान उघडतो, ते कधी लिहिले गेले, कोणत्या किल्लीने लिहिले गेले, ते म्होरक्याला दाखवतो, आणि मग दोघे मिळून त्या चार ओळी वाचतात. कळपात एक पाडस आहे, ते मावशीच्या मागे मागे चालते. म्होरक्या त्याला पुढे घालून करवंदीच्या डोहाकडे नेतो.

कोल्ह्याने दार वाजवणे पुन्हा सुरू केले आहे. काल अकरा हजार वेळा वाजवले. आज मुंगसाची पाळी आहे.

तात्पर्य एवढेच : सोयीसाठी उघडे ठेवलेले दार आपला कोण आणि परका कोण हे ओळखत नाही, आणि सगळ्यांचा पहारा एकट्या थकलेल्या जिवावर सोडला, तर त्याच्या डुलकीची झळ ज्याचा काही दोष नाही अशालाच लागते.