तांबूच्या गळ्यातली घंटा

फार पूर्वी एका डोंगराच्या कुशीतल्या गावात एक ओतारी राहायचा. पितळ वितळवून तो गाईंच्या गळ्यातल्या घंटा ओतायचा. गावची रीतच होती, प्रत्येक घरच्या गाईची घंटा वेगळ्या सुराची. डोंगरावर धुकं इतकं दाट उतरायचं, की आपली गाय कानांनीच ओळखावी लागायची.

ओताऱ्याच्या शेजारी एक बाई राहायची. मनाची चांगली, पण शेजारच्या चुलीवर काय शिजतंय हे कळल्याशिवाय तिला घास जात नसे. तिची तांबू गाय पहिल्यांदाच गाभण होती, दिवस भरत आले होते. बाईने तिच्यासाठी ओताऱ्याला घंटा करायला सांगितली आणि रोज कुंपणावरून डोकावायला लागली.

"भावजी, झाली का हो?"

"नाही वहिनी." ओताऱ्याने घंटा आतून कानशीने जराशी घासली, वाजवली, मान हलवली आणि पुन्हा घासायला घेतली.

"वाजते की चांगली."

"वाजते. पण अजून बोलत नाही."

"आमची तांबू काय गाणं शिकणार आहे? आणि काल भाकरी करपली ना तुमची? वास आमच्या ओट्यापर्यंत आला."

तो हसला. "करपली खरी. सूर जवळ आला असं वाटलं, मग तव्याचं भान कुठलं?"

"उद्यापासून तांबू गुरांबरोबर जायची आहे. आणा ती इकडे."

"आठ दिवस थांबा वहिनी. काम राहिलंय तिचं."

बाई थांबली नाही. घंटा घेऊन गेली आणि तांबूच्या गळ्यात बांधलीसुद्धा.

आठच दिवसांनी भर दुपारी डोंगरावर धुकं उतरलं आणि गुरं पांगली. सगळा गाव माथ्यावर जाऊन कान देऊन उभा राहिला. "ती आमची," म्हणत एकेक जण धुक्यात शिरे आणि गाय घेऊन येई. बाई तेवढी उभीच राहिली. कुठली घंटा आपली, हे तिला आठवेना. एरवी साऱ्या गावाचं ऐकणाऱ्या त्या बाईने स्वतःच्या गाईची घंटा कधी नीट ऐकलीच नव्हती. आणि पलीकडे तर खोल कडा.

धावत खाली येऊन तिने ओताऱ्याचं दार गाठलं. "भावजी, माझी तांबू..."

तो दोर घेऊन निघालाच. तिला म्हणाला, "माझ्या उपरण्याचं टोक धरा."

धुक्यात दहा पावलं चालायचा, थांबायचा. एकदा थांबला तो हललाच नाही. "ऐका. तीच घंटा."

"मला तर काहीच कळत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"राहून गेलेला सूर आहे तो वहिनी. आठ दिवस जेवताना, झोपताना तोच वाजतोय कानात."

कड्यापासून चार हातांवर तांबू उभी होती. नुकतंच जन्मलेलं वासरू ती चाटत होती. जीभ फिरली की मान हले, मान हलली की घंटा हळूच वाजे.

बाई वासराला कवटाळून रडली. मग तिने स्वतःच्या हाताने घंटा सोडली आणि ओताऱ्याच्या ओंजळीत ठेवली. "लागू देत लागतील तेवढे दिवस. भाकरी मी पाठवीन."

पुढे अकरा दिवसांनी घंटा बोलली. तेव्हापासून संध्याकाळी तो सूर डोंगरावरून उतरायला लागला, की बाईचा भाकरी थापणारा हात थांबतो. ती डोळे मिटून ऐकते. पहिली गरम भाकरी मात्र अजून कुंपणावरून शेजारीच जाते.

तात्पर्य: कलावंताचा हात उगाच रेंगाळत नाही, काम मनासारखं उतरेपर्यंत त्यालाच चैन पडत नाही. त्याला वेळ द्यावा, आणि सूर कानावर आला की त्याचे उपकार आठवावेत.