मातीत रवलेली कोपरं

एकदा एक पैलवान यात्रेतल्या कुस्तीच्या फडात डोक्यावर आपटला. हणमा त्याचं नाव. डोळं उघडं, पन गडी हलंना.

लगेच पन्नास शहानी आत घुसली. कुनी पानी मारतंय, कुनी म्हनतंय, "काखंत हात घाला, उभा करा, चालला की मोकळा हुईल." आपल्यात हीच रीत. पडला की उचला आन् टाळ्या वाजवा. अरं, मानूस हाय का पोतं?

फडात दुखापती बघाया आप्पा असायचं. कॉलेजात शिकून, दवाखान्यात राबून, परीक्षा देऊन आल्यालं म्हातारं. हाताखाली शिर्पा, नवा चेला. शिर्प्यानं हणम्याच्या काखंत हात घातला, तोच आप्पांनी सगळ्या फडादेखत त्याच्या कानाखाली जाळ काढला. मग स्वतः मातीत पालथं पडलं, हणम्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आन् दगडावानी गप.

यात्रेचा अध्यक्ष वरडला, "आप्पा, झोपा काढाया ठिवलंय व्हय तुमाला? पुढची कुस्ती खोळंबलीया."

"हात लावलास तर तुझी मान आदी मोडीन," आप्पा म्हनलं. "गाडी बोलाव. फळीवरनं न्यायचा."

लोकांनी आई-बाप काढलं. फळी घिऊन गाडी येईस्तवर म्हातारं हललं न्हाई.

सांजच्याला दवाखान्यातनं फोन आला. मानंचं हाड मोडलंय, पन आतली नस शाबूत. हणमा चालंल.

शिर्पा तरीबी फुगलेलाच. "मला मारलंसा, आन् तुमी काय केलंसा? नुसतं धरून पडला."

"तेच काम हाय," आप्पा म्हनलं. "तू हिसका दिला असतास तर पोरगं जन्माचं खाटंवर. तेल चोळाया, पट्टी बांधाया कुनीबी शिकतंय. सगळा गाव बोंबलत असताना आपला हात हलू द्यायचा न्हाई, ह्ये शिकाया लागतंय. ज्याला जमत न्हाई त्यानं पैलवानाच्या अंगाला शिवू ने."

शिर्प्यानं गाल चोळला. बारीक आवाजात म्हनला, "आन् माजा हात थरथरला तर?"

"माजाबी थरथरत हुता. म्हनून तर कोपरं मातीत रवली हुती."

आप्पांच्या कोपरांची माती शिर्प्यानं आपल्या टावेलानं पुसली.

आता यात्रा कमिटीवाल्यांनो, ऐका. हलगीवाला ठरवायच्या आदी असा मानूस ठरवा. न्हाई गावला तर कुस्त्या लावू नका.